‘मान्यता प्रक्रियेत’ असलेल्या कोर्सला प्रवेश घ्यावा का?

बारावी सायन्स झालेली मुलगी आणि तिचे वडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. सोबत आणलेल्या माहितीपत्रकात बीएस्सी (डेटा सायन्स) या नावापुढे बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘मान्यता प्रक्रियेत’. वडील म्हणाले, “मॅडम, कॉलेज जुनं आहे, मीही तिथेच शिकलो. ते कशाला फसवतील?” मुलीचा घोर वेगळा होता. कोर्स सुरूच झाला नाही तर वर्ष जाईल, आणि नाही घेतला तर मैत्रिणी पुढे जातील.

कॉलेजच्या सचोटीचा इथे प्रश्नच नव्हता. जुन्या, नावाजलेल्या कॉलेजचीही फाईल अडकते. प्रश्न एवढाच होता, की नेमकी कसली मान्यता मिळाली आहे आणि कसली बाकी आहे.

वडिलांकडे एका पत्राची झेरॉक्स होती. विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने (अभ्यासक्रमांवर निर्णय घेणाऱ्या मंडळाने) अभ्यासक्रम मंजूर केल्याचं ते पत्र. त्यांनी तीच मान्यता धरली होती, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. नव्या विषयाचा मसुदा अभ्यास मंडळ करतं, विद्याशाखेमार्फत तो विद्यापरिषदेत जातो. तिथे मंजूर झाला म्हणजे विद्यापीठात तो अभ्यासक्रम अस्तित्वात आला. अमुक कॉलेजने तो शिकवावा, ही परवानगी त्यात येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 109 प्रमाणे संस्थेचा अर्ज विद्यापीठाकडे जातो, तो बृहत् आराखड्याशी (कुठे कोणती कॉलेजं आणि कोर्स हवेत, या विद्यापीठाच्या योजनेशी) ताडून पाहिला जातो, मग राज्य शासन परवानगी देतं आणि त्यानंतर विद्यापीठ त्या कोर्सपुरतं संलग्नीकरण, म्हणजे कॉलेजला विद्यापीठाशी जोडून घेण्याची मान्यता, देतं. प्रवेश द्यायचे ते त्यानंतर. (स्वायत्त कॉलेजचं अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद स्वतःची असते, पण पदवी विद्यापीठाचीच. तिथेही ‘विद्यापीठाला कळवल्याचा कागद दाखवा’ म्हणायला संकोच नको.)

मी मुलीला सांगितलं, की कॉलेजच्या ऑफिसात जाऊन संलग्नीकरणाचं पत्र बघायला माग. त्यात कोर्सचं नाव, प्रवेशक्षमता आणि शैक्षणिक वर्ष ही तीन ठिकाणं वाच. परवानगी पुढच्या वर्षापासूनची असेल तर यंदाच्या प्रवेशाला ती उपयोगाची नाही. पदवीचं नावही नीट बघ. बीएस्सी ही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीतली पदवी, डेटा सायन्स हा कंसातला विषय. भलतंच नवं पदवीनाव दिसलं तर थांब.

नावाची गंमत बीबीए, बीसीए, बीएमएसवाल्यांनी 2024-25 पासून अनुभवलीच आहे. हे कोर्स एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले, सीईटी ही प्रवेश परीक्षा लागू झाली, आणि काही कॉलेजांनी तेच शिक्षण बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावाने सुरू केलं. नाव बदललं म्हणून कोर्स खोटा ठरत नाही, मात्र गुणपत्रिकेवर काय छापून येणार हे आधीच विचारून ठेवावं.

परवानगी नसताना प्रवेश घेतला तर पहिले दोन महिने काहीच बिघडत नाही. तास होतात, ओळखपत्र मिळतं. गाडी अडते ती विद्यापीठाकडे जाणाऱ्या पात्रता अर्जावर. विद्यापीठाच्या प्रणालीत त्या कॉलेजपुढे कोर्सच नसल्याने पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) पडत नाही, परीक्षेचा फॉर्म उघडत नाही, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत कोर्स नसल्याने शिष्यवृत्तीचा अर्जही भरता येत नाही. मग ‘दुसऱ्या कोर्सला बदलून देतो’ असं सांगितलं जातं, तोवर चांगल्या कोर्सच्या जागा भरलेल्या असतात.

वडिलांना पैशांची काळजी होती. यूजीसीच्या 2018 च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते (प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त 5 टक्के, तेही 5,000 रुपयांपर्यंतच). त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली तारीख नंतर कुणालाच आठवत नाही.

ऑफिसात संलग्नीकरणाचं पत्र नव्हतंच, ‘आठवड्याभरात येईल’ असं उत्तर मिळालं. त्याच कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या जागा होत्या. मेजर (मुख्य विषय) कॉम्प्युटर सायन्स आणि मायनर (जोडविषय) स्टॅटिस्टिक्स असं जमतं का, हे तिने विभागप्रमुखांना विचारलं, जमत होतं. डेटा सायन्सच्या मसुद्यातलं पहिलं सत्र तिने यासोबत ठेवून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त विषय तेच निघाले. तिने तिथे प्रवेश घेतला. डेटा सायन्सचं पत्र प्रवेश बंद होईपर्यंत आलं नव्हतं.