पुन्हा करोनासारखं काही आलं तर कॉलेज मुलीकडे बघेल का?

ताई, मुलीला एमएसला अमेरिकेत पाठवताना तुम्ही हे विचारलंत म्हणून लिहायला बसलो. व्हिसा, आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रवेशाचं कागदपत्र), बँक बॅलन्स हे सगळं कन्सल्टंट सांगेलच, ते सोडून देतो. कॉलेज बघतं, पण मदतीचा पैसा कुणाचा आहे त्यावर सगळं ठरतं.

मी ऑगस्ट 2019 मध्ये ओहायोत आलो. मार्च 2020 मध्ये कॅम्पस बंद झाला आणि डायनिंग हॉलमधलं माझं काम गेलं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे कॅम्पस बंद म्हणजे कमाई बंद. भाडं मात्र चालूच. त्याच महिन्यात भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. अडकलेल्यांना विमानानं परत आणणारं ‘वंदे भारत’ अभियान मे महिन्यात सुरू झालं, पण एकदा गेलो तर परत येता येईल का, याची खात्री कोण देणार?

27 मार्चला अमेरिकेत करोना-मदतीचा केअर्स कायदा झाला. त्यात कॉलेजांना मिळालेल्या पैशातला निदान निम्मा भाग थेट विद्यार्थ्यांना द्यायचा होता. अडचणीत असाल तर अर्ज करा, असा ईमेल आम्हा सगळ्यांना आला. भाड्याच्या पावत्या, काम गेल्याचं पत्र, बँक स्टेटमेंट, सगळं जोडलं. शेवटच्या पानावर प्रश्न: फॅफ्सा भरलाय का? तो सरकारी मदतीचा फॉर्म आपल्याला लागूच नाही. एप्रिलमध्ये शिक्षण खात्यानं परदेशी विद्यार्थ्यांना यातून वगळलं होतं. नियम वॉशिंग्टनचा, मान्य. मग आम्हाला ईमेल कशाला पाठवलात? फी घेताना परदेशी कोण ते बरोबर कळत होतं की! मे 2021 मध्ये नियम बदलला, परदेशी मुलंही पात्र झाली. तोवर मी डिग्री घेऊन बाहेर पडलो होतो. आता तिथूनच देणगीसाठी फोन येतात, मी उचलत नाही.

कॉलेजच्या फूड पँट्रीची, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फुकट धान्य देणाऱ्या केंद्राची, गोष्ट वेगळी. पार्किंगमध्ये घडीचं टेबल, मास्क लावलेली एक बाई. विद्यार्थी-कार्ड स्वाइप करायची आणि पिशवी पुढे सरकवायची. व्हिसा कुठला, हे कधी विचारलं नाही. काळ्या घेवड्याचे डबे, पीनट बटर, मॅक अँड चीज. त्या घेवड्याची आम्ही गोडा मसाला घालून उसळ केली, बरी लागायची. पण खरं सांगू? तोंडावर मास्क आहे याचं तिथं मला बरं वाटायचं. बाबांनी कर्ज काढून पाठवलेला मुलगा फुकट धान्याच्या रांगेत उभा. आईला फोनवर ‘किराणा आणला’ एवढंच सांगायचो.

समुपदेशन फोनवर सुरू होतं, पण त्यात एक मेख आहे. समुपदेशकाचं लायसन्स राज्यापुरतं असतं. माझा रूममेट न्यू जर्सीला चुलतभावाकडे गेला आणि त्याची सेशन्स मध्येच थांबली, कारण तो राज्याबाहेर. गरज तेव्हाच सगळ्यात जास्त होती.

जुलै 2020 चा तो आठवडा तर विसरणं शक्य नाही. 6 तारखेला अमेरिकी सरकारनं जाहीर केलं की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या, 14 तारखेला आदेश मागे घेतला. मधल्या दिवसांत आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी स्वतःहून लिहिलं, ‘लागलं तर मी तुमच्यासाठी मैदानात उभा राहून वर्ग घेईन.’ ही सेवा कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

एकटेपणाबद्दलही विचारलंय तुम्ही. असतो, अभ्यास आणि स्वयंपाक यात दिवस जातो. त्याची फार काळजी करू नका.

त्यापेक्षा मुलीलाच इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल लिहायला सांगा, तुम्ही लिहू नका. युनिव्हर्सिटीचा स्वतःचा आपत्कालीन निधी आहे का, तो एफ-1 वाल्यांना मिळतो का, विद्यार्थी विमा उन्हाळ्यातही चालू राहतो का, मुलगी दुसऱ्या राज्यात गेली तर समुपदेशन मिळेल का. ‘वेबसाइट पाहा’ एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या युनिव्हर्सिटीलाही हेच विचारायला सांगा.