सांगलीत राहून गिटारवर प्रयोग आणि मुक्त वादन करत करिअर होईल का?

तुम्ही लिहिलंय, वय तेवीस, मुक्त वादनच (ठरलेली चाल-ताल न धरता त्या क्षणी सुचेल तसं वाजवणं) करायचंय आणि क्लासचे सर म्हणतात, ‘ज्यांना सूर लागत नाही ते प्रयोग करतात.’ त्या एका वाक्यासाठी हे उत्तर.

गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) इंग्लंडमधल्या शेफील्डचा. मुक्त वादनाकडे वळण्याआधी कित्येक वर्षं तो डान्स बँडमध्ये आणि स्टुडिओत पुढ्यात येईल तो स्वरलिपीचा कागद वाजवत होता. मग १९७० मध्ये ड्रमवादक टोनी ऑक्सले आणि सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यांच्याबरोबर स्वतःचं इन्कस हे रेकॉर्ड लेबल काढलं. सूर लागत नव्हता म्हणून? गिटारवादक फ्रेड फ्रिथनं १९७४ च्या सोलो रेकॉर्डसाठी नटाकडेही (नट म्हणजे खुंट्यांजवळची, तारा टेकणारी पट्टी) पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारं यंत्र, बसवलं. बोटाच्या दोन्ही बाजूंची तार वाजते, पण नटाकडची एरवी ऐकूच येत नाही. हे सुचायला कान तयार लागतो.

आणि अशा प्रयोगांतल्या खरखरीबद्दल मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यानं तरी असं बोलू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे कानशीनं मोजून काढलेली खरखरच. तरी तिथले एक कारागीर मला ठणकावून सांगतात, ‘गिटारला जवारी म्हणजे कानस वाया.’ वाया जात नाही, फक्त गिटार नीट निवडावी लागते. नेहमीच्या अकूस्टिकला नको; तिचं सॅडल (घोडीवरची तारा टेकणारी पट्टी) जेमतेम ३ मिमी, जवारीला बसायला जागाच नाही. तारा खाली टेलपीसला (गिटारच्या बुडाशी असलेल्या पट्टीला) अडकवलेली, सरकत्या घोडीची स्वस्त गिटार घ्या. घोडीवर हाडाचा १२ ते १५ मिमी रुंद तुकडा बसवा, आधी सपाट घासा, मग नटाच्या बाजूला अगदी किंचित उतार द्या. उतार कमी राहिला तर तार तडतडते आणि नाद लगेच मरतो. गोलाई जास्त झाली तर जवारी बंद होते. प्रत्येक तारेचा उतार वेगळा, म्हणून तारांचा गेज (जाडी) आधी ठरवा, मागून बदललात तर पुन्हा कानस. शेवटी ६०० आणि १००० चा पॉलिश पेपर. मग बाराव्या पडद्यावरचा स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता बोट हलकं टेकवून काढलेल्या स्वराशी) ताडून बघा. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी टेलपीसकडे सरकवा.

कानस नको असेल तर सातव्या पडद्याजवळ तारांखाली ६ मिमीची कांडी सरकवा. घोडीकडचा भाग मोकळ्या तारेचा पंचम देतो, नटाकडचा त्याच्याही वरच्या सप्तकातला, कारण तार दोनास एक अशी विभागली जाते. ताण वाढतो म्हणून आधी खुंट्या सैल करा, नाहीतर बारीक तार पहिली तुटते.

करिअरचं विचारलंत. नुसत्या यावर सांगलीत पोट भरणार नाही. ऑर्केस्ट्रा, शिकवण्या चालू ठेवा, बेलीनंही वेगळं काही केलं नव्हतं. पण हे नाटकवाल्यांचं गाव आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत पार्श्वसंगीताला माणसं लागतातच. २७ मिमीची पिएझो चकती (कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारी) गिटारच्या पोटाला चिकटवली की पावसापासून गिरणीपर्यंत आवाज निघतात. ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला मात्र जोडू नका. साधारण २० नॅनोफॅरडची चकती १० किलोओहमवर टाकली की ८०० हर्ट्झच्या खालचं पडत जातं आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मध्ये १ मेगाओहमचा बफर, म्हणजे चकतीवर भार न टाकणारं छोटं सर्किट, हवा.

आता त्या कारागिरांच्या बाजूनं एक कबुली. कॉर्ड वाजवायच्या असतील तर त्यांचं बरोबर आहे. पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. साध्या गिटारवर ते खपून जातं. जवारी वरचे स्वर उघडे करते आणि मेजर कॉर्ड कानाला खुपते. म्हणून डी-ए-डी-ए-ए-डी असं नुसत्या सा-प मध्ये लावा आणि एकेका तारेवर वाजवा. एवढं करूनही एखादी जाड तार मुकी राहिली तर तिच्याखाली तंबोऱ्यासारखा दोरा सरकवून जागा शोधा. दोरा सुतीच घ्या, नायलॉनचा जागेवर राहत नाही.