‘कर्बी अँड द अमेझिंग मिरर’ हा व्हिडिओ गेम एकट्यानं खेळण्यात मजा आहे का, की चौघं लागतातच?

मजा आहे. मी बराचसा गेम एकटीनंच खेळलेय. पण तुम्ही पुढं विचारलंय, "फोन लावून बाकीच्या कर्बींना बोलवायचं म्हणजे लबाडीच ना?" त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. (कर्बी हा या गेमचा नायक. गेममध्ये त्याच्याकडं एक फोन असतो, तो लावला की बाकीचे तीन कर्बी मदतीला येतात.) हेच वाक्य मी २००७ पासून ऐकतेय.

त्या उन्हाळ्यात मामा मस्कतहून आले ते गेमबॉय ॲडव्हान्स एसपी हे हातात धरून खेळायचे दोन गेम-यंत्र, या गेमच्या दोन कॅसेट आणि जोडायची केबल घेऊन. (जोडीनं खेळायचं तर प्रत्येकाकडं स्वतःची कॅसेट लागते.) आजोळ पूर्णा तालुक्यात. भारनियमनात रात्र रात्र लाइट नसायची, पण एसपीच्या पडद्याला स्वतःचा उजेड होता. दिवसा लाइट असेल तेवढ्यात चार्ज करून घ्यायचं. मी आणि दादा, म्हणजे मामेभाऊ, माळवदावर गोधडी टाकून मध्ये केबल ताणून बसायचो. एकानं कूस बदलली की केबल निसटायची आणि भांडण सुरू.

या गेममध्ये पहिला टप्पा, दुसरा टप्पा असं सरळ काही नाही. आरशांच्या दारांतून वाटा फुटत जातात. काही ठिकाणी एकदा खाली उतरलं की परत वर येता येत नाही. आगीची शक्ती नसेल तर वात पेटत नाही, हातोडा किंवा तशी शक्ती नसेल तर खुंटा आत जात नाही. त्या त्या भागाचा नकाशासुद्धा पेटी सापडली तरच मिळतो. म्हणून मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलनं नकाशा काढायचे, आणि अडले की फोन लावायचे. दादाला दोन्ही पटायचं नाही. "सारखा फोन काय लावायलीस? स्वतःच्या जिवावर खेळ की!"

गेममधल्या कॅबेज कॅव्हर्न या भागात तो तीन रात्री अडकला. तीच ती गुहा, तेच ते दार. चौथ्या दिवशी दुपारी बाहेर पडला, आणि आपण कसं शोधून काढलं ते मामीला जेवताना सांगत होता. संध्याकाळी मी वही उघडली. माझ्या पेन्सिलच्या नकाशात एका दारापाशी निळ्या पेनानं बाण काढलेला होता. मी पेन वापरतच नव्हते.

तेव्हा गप्प बसले, आता सांगते. ज्या गेमची गोष्टच एका कर्बीचे चार कर्बी होण्यापासून सुरू होते, तिथं बाकीच्या तिघांना बोलावणं ही लबाडी कशी? फोनची बॅटरी तीनच कांड्यांची, एका कॉलला एक कांडी जाते. कुठं खर्च करायची हे ठरवण्यातच डोकं लागतं. बिनधास्त लावा फोन. वहीही ठेवा.

हां, एक सांगायचं राहिलं. एकट्यानं खेळताना बाकीचे तिघं गेमच चालवतो आणि ते काही फार हुशार नाहीत, भलतीकडंच भटकतात. बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी लढताना मात्र त्यांचा आधार वाटतो. खरी माणसं सोबत असली तर बातच और, ते मीही मान्य करते. गेम २००४ चा आहे. निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल असेल तर त्याच्या ऑनलाइन वर्गणीच्या एक्सपान्शन पॅकमध्ये २०२३ पासून मिळतो, जुनी कॅसेट शोधत बसू नका.

दादाच्या लग्नातही हा विषय निघाला होता. "हिनं फोन लावून लावून गेम संपवला," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. वही अजून माझ्याकडं आहे दादा, निळ्या बाणासकट.