पाससाठी त्याने तुझा फोटो मागितला होता

‘ताई, मी डिचोलीची. वय ३४, दोन मुली. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. कांदोळीला हॉटेलात कामाला आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो. नोव्हेंबरात पणजीच्या चित्रपट महोत्सवात त्याने मला एक परदेशी चित्रपट दाखवला. महिनाभर आधीच पाससाठी माझा फोटो मागून घेतला होता. कसला चित्रपट ते सांगितलं नव्हतं. दोन पुरुषांचं प्रेम, त्यांच्या पार्ट्या, आणि पार्टीतली नशा हळूहळू त्यांच्या घरात शिरते. शेवटी एक जण मरतो. बाहेर पडून मांडवीच्या काठाने चालताना भाऊ म्हणाला, “हे सगळं सिनेमातच असतं असं नाही गो, ताई.” मी म्हणाले, “चल, बस चुकेल.” गेल्या आठवड्यात तो घरी आला होता. कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेत एक प्लॅस्टिकची पुडी, डोळ्यांच्या औषधाची असते तेवढी बाटली आणि सुई नसलेली बारीक सिरिंज सापडली. मी सगळं होतं तसं ठेवून दिलं. आईबाबा त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. तो तसा आहे म्हणून या नादाला लागला का? चांगल्या डॉक्टरकडे नेलं तर दोन्ही सुटेल का? रात्र रात्र झोप नाही.’

बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या फोटोपाशी अडकले.

महोत्सवाला मनात आलं की जाऊन तिकीट काढता येत नाही. आधी नाव नोंदवायचं, फोटो आणि ओळखपत्र द्यायचं, मग एकेका खेळाची जागा राखून ठेवायची. म्हणजे तुझ्या भावाने हे महिनाभर आधी ठरवलं होतं. तोंडाने सांगता येईना, म्हणून तुला दोन तास अंधारात शेजारी बसवून पडद्याकडून सांगवलं. बाहेर आल्यावर एक वाक्य स्वतःही बोलला. तुला तो चोरून काहीतरी करतोय असं वाटतं आहे. मला मात्र दिसतो तो घरातल्या एकाच माणसाला निवडून सगळं सांगणारा मुलगा. तू बस चुकेल म्हणालीस यात मोठा गुन्हा नाही. घाबरलेलं माणूस असंच काहीतरी बोलतं. पण तो अजून उत्तराची वाट बघतो आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. तो समलिंगी आहे म्हणून नशेला लागला का? नाही. गोव्यात आणि गोव्याबाहेर कितीतरी समलिंगी माणसं आहेत जी सकाळी कामाला जातात, संध्याकाळी मासळी घेऊन घरी येतात आणि असल्या गोष्टींना शिवतही नाहीत. पण दोन्हींमध्ये एक वाट आहे, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून पाडलेली आहे. चालण्यावरून, आवाजावरून लहानपणापासून टोमणे खाल्लेल्या मुलाच्या अंगात शरम इतकी मुरते की आवडत्या माणसाजवळ जातानासुद्धा ती सुटत नाही. एमडी किंवा आइससारखा नशेचा पदार्थ ती शरम काही तासांसाठी बंद करतो. म्हणून या पार्ट्यांमध्ये नशा आणि शरीरसंबंध एकत्र येतात. जगभर त्याला केमसेक्स म्हणतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून दोन प्रौढांच्या संमतीचे संबंध बाहेर काढले. तो निकाल तुमच्या घराच्या सोप्यापर्यंत अजून पोचलेला नाही. तिथे स्थळांचे फोटो पोचले आहेत.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे घरात कुणी रोज रात्री बाटली घेऊन बसला तर ‘त्याची सवय आहे’ म्हणून सगळं घर सांभाळून घेतं. हणजूण-वागातोरच्या पार्टीतली गोळी मात्र ‘किनाऱ्यावरच्या लोकांची’, बाहेरून आलेली घाण. डिचोली-फोंड्याकडची माणसं असं बोलतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण किनाऱ्यावर रात्रपाळी करणारी, ग्लास उचलणारी, गाणी लावणारी मुलं आपल्याच घरांतली आहेत.

आता ती बाटली. मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे छातीठोक काही सांगणार नाही. पण सुई नसलेली बारीक सिरिंज आणि पाण्यासारखं द्रव एकत्र असेल तर तो बहुधा ‘जी’ असतो, म्हणजे जीएचबी किंवा जीबीएल नावाचं नशेचं द्रव. सिरिंज टोचायला नसते, मोजायला असते. हे मोजावं लागतं, कारण मजा येण्याइतकं आणि बेशुद्ध पडण्याइतकं यांत अंतर अगदी थोडं असतं. त्यावर दारू घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात. तुझ्या चित्रपटात तो मुलगा कसा गेला ते तू लिहिलेलं नाहीस, पण खऱ्या आयुष्यातले मृत्यू बरेचदा असेच होतात: सोबतच्यांना वाटतं झोपलाय, झोपू द्या. आणि तुझ्या घरात दोन मुली आहेत. ते द्रव दिसायला पाण्यासारखं असतं. भाऊ पुन्हा राहायला येईल तेव्हा बॅग उंचावर, कुलपात. हे त्याला तोंडावर सांग. भाच्यांसाठी म्हटल्यावर तो चिडणार नाही.

पुडीत काय असेल ते मी ओळखू शकत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आइस म्हणजे मेथ, मेथॅम्फेटामाइन. दोन्हींवर माणूस दोन-दोन रात्री जागतो, भूक लागत नाही. मग माल उतरला की दोन-तीन दिवस मन काळोखात जातं, रडू येतं, जगणं नको वाटतं. तो शनिवारी कसा असतो ते तुला कधी दिसणार नाही. त्याला मंगळवारी फोन कर आणि आवाज ऐक. चित्रपटाला दोन तासांत शेवट गाठायचा असतो, म्हणून तिथे रुग्णवाहिका येते. प्रत्यक्षात बहुतेकांचं आधी मंगळवारचं काम बुडतं, मग पगार, मग मित्र. तुझा भाऊ अजून कामावर जातो, घरी येतो, कपडे धुवायला बहिणीकडे टाकतो. बराच वेळ हातात आहे.

डॉक्टरकडे नेऊन दोन्ही सुटेल का, असं तू विचारतेस. समलिंगी असणं हा आजार नाही, त्यामुळे त्यात सुटण्यासारखं काही नाही. ‘बदलून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठून ये. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. आईच्या कानावर असा एखादा डॉक्टर किंवा भटजी आधी पोचू नये, एवढं बघ.

नशेचं मात्र खरंच सुटतं, आणि त्याला मदत लागते. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जायचं धाडस होईपर्यंत फोन आहे: मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६. दोन्ही फुकट, आणि तूसुद्धा करू शकतेस. तू तर आजच कर. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नशेशी जोडलेल्या आजारांनाही लागू आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला तो बांधतो, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतो. पोलिसांची भीती वाटते, ती खोटी नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४ अ आहे: स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात बाळगणारा व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं.

एक चूक करू नका. रागाने घरी आणून खोलीत कोंडून, ‘बघू कसं सुटत नाही’ असं करू नका. ‘जी’ रोज, तासातासाने घेणाऱ्याचा तो एकदम थांबवला तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तो रोज घेतो की महिन्यातून एकदा, हे फक्त तोच सांगेल, आणि विचारलं तरच सांगेल.

एचआयव्हीबद्दल तू पत्रात काही लिहिलेलं नाहीस, पण झोप उडायला तेही कारण असेल. तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. संशयाची रात्र झाली तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे लागण रोखायला २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करतात. हे आकडे त्याला पाठ असले पाहिजेत. आणि त्या आजाराच्या नावाने घाबरून माणसाला वाळीत टाकणं काय असतं, ते गोव्याने १९८९ मध्ये पाहिलं आहे. पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझाला एचआयव्ही असल्याचं कळल्यावर पोलीस घेऊन गेले आणि म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटं ठेवलं. त्याची आई लूसी त्याच्यासाठी उच्च न्यायालयात गेली. निकाल तिच्या बाजूने लागला नाही. तरी ती गेली होती, हे मला कधी विसरता येत नाही.

स्थळांचं तेवढं तू थांबव. कारण सांगू नकोस. ‘यंदा नको, त्याचं कामाचं बघू दे’ म्हण. आईबाबांना काय, कधी सांगायचं हे त्याचं तो ठरवेल. त्याच्या आधी तू सांगितलंस तर त्याचं एकुलतं एक दार बंद होईल.

ख्रिसमस आणि एकतीस तारीख तोंडावर आली आहे. हॉटेलवाल्यांना त्या दिवसांत झोप नसते, आणि पार्ट्या तेव्हाच जास्त. ‘जाऊ नको’ म्हटलंस तर तो जाईल आणि तुला सांगणार नाही. म्हणून त्याच्याकडून चार गोष्टी कबूल करून घे. ‘जी’ घेतला असेल तर दारूला हात लावायचा नाही. एकट्याने घ्यायचा नाही. कुणी घोरत पडला आणि हाक मारून उठत नसेल तर त्याला कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा आणि जे घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. आणि रात्री तीन वाजता काही झालं तर ताईला फोन करायचा. ताई ओरडणार नाही. हे शेवटचं तुला पाळायला जड जाईल, म्हणून आत्ताच नवऱ्याला एवढंच सांगून ठेव की रात्री फोन आला तर स्कूटर काढावी लागेल.

बोलायला जागा घर नको. तिथे आई चहा घेऊन येईल. पुन्हा पणजीला जा, मांडवीच्या त्याच काठाला, शक्य तर मंगळवारी किंवा बुधवारी, त्याची सुट्टी असेल तेव्हा. पुडीपासून सुरुवात करू नकोस. ‘मी तुझी बॅग उघडली’ हे कबूल कर, पण नंतर. आधी चाल थोडी. त्याला आज रात्रीच मेसेज टाकायचा असेल आणि शब्द सुचत नसतील तर माझे घे:

‘त्या दिवशी तू जे बोललास ते मी ऐकलं होतं. बसचं निमित्त केलं. तुझ्यावर माझा राग नाही. मंगळवारी पणजीला येते. मुलींना जाऊबाईंकडे ठेवते, म्हणजे परतायची घाई नाही.’