ज्यू घरांच्या दाराला लावलेली ती लहान डबी म्हणजे ताईतच का?

तिला मेझुझा म्हणतात. धर्मशास्त्राप्रमाणे ती ताईत नाही, पण लोक कित्येकदा तसंच मानतात. महत्त्व डबीला नाही, आतल्या गुंडाळीला आहे. शुद्ध मानलेल्या प्राण्याच्या कातड्यावर प्रशिक्षित लेखनिकाने शाईने लिहिलेले हिब्रू बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले दोन उतारे (6:4-9 आणि 11:13-21). एक अक्षर चुकलं तरी ती बाद. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर लावतात आणि येता-जाता हात लावून बोटांचं चुंबन घेतात. आपल्याकडे अलिबाग-पेण भागातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांच्या दारांवरही ती असते.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने मेझुझाच्या आत देवदूतांची नावं घालणाऱ्यांना चांगलंच झापलं होतं: धर्माज्ञेचं पालन सोडून तुम्ही तिचा गंडा करताय! लोकांनी कितपत ऐकलं, हा भाग वेगळा.

कारण ताईतांची परंपरा जुनीच आहे. जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथे 1979 मध्ये चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याजकांचा आशीर्वाद कोरलेला आहे, त्याही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. पुढे बाळंतिणीच्या खोलीत लिलिथ या राक्षसिणीपासून रक्षणासाठी तीन देवदूतांची नावं लिहिलेले कागद लावत. पंजाच्या आकाराचा हम्सा मात्र फक्त ज्यूंचा नाही. उत्तर आफ्रिकेत मुस्लिमही दृष्ट लागू नये म्हणून तो वापरतात.