माऊसवर फ्लेक्सचं काम करणाऱ्यानं टच आणि जेश्चरवाला टॅब घ्यावा का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. जालन्यात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करता, सहा वर्षांपासून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर आणि माऊसवर हात बसलाय, आता स्वतः चित्रं काढायची आहेत, हवेत हात हलवून काढायचंही मनात आहे, आणि विचारताय की हे बोटांच्या इशाऱ्यावर चालणारे टॅब खरंच कामाचे असतात का नुसते दाखवायला. कामाचे असतात. पण नेमके कशासाठी हे मला कळायला दोनेक वर्षं गेली, म्हणून जरा लांबून सांगते.

आमचे अण्णा परभणीत पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, निवडणुकीच्या भिंती, सगळं हातानं. मी लहानपणी रंगाचा डबा धरायला जायचे. त्यांच्या उजव्या हातातला ब्रश सगळ्यांना दिसायचा, पण डाव्या हातात एक काठी असायची, टोकाला चिंधीचा गोळा बांधलेला. तो गोळा पाटीवर कोरड्या जागी टेकवायचा, काठी तिरकी धरायची आणि उजवं मनगट त्या काठीवर ठेवून शिरोरेषा ओढायची. ओल्या रंगाला हात लागत नाही आणि रेघ थरथरत नाही. डावा हात सारखा काठी सरकवत राहायचा, अण्णा तिकडं बघायचेही नाहीत, नजर ब्रशच्या टोकावरच.

मग फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या, मी डीटीपी शिकले आणि माऊस धरला. आता तुम्हीच बघा, माऊसवर काम करताना तुमच्या डाव्या हाताला काय काम असतं? कंट्रोल आणि झेड, फार तर स्पेसबार. अर्धा माणूसच बसलेला असतो कामाला.

टचचं खरं मोल मला इथं वाटतं. उजव्या हाताचा प्रश्न पेननं केव्हाच सोडवला होता, जेश्चर आहेत ते दुसऱ्या हातासाठी. आणि ही गोष्ट नवी पण नाही बरं का. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडनं स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात एका हातात लाईट पेन धरून थेट स्क्रीनवर रेघ काढायची आणि दुसऱ्या हाताखाली बटणांची पेटी. १९६८ ला डग्लस एंगलबार्टनं माऊस लोकांसमोर आणला तेव्हा त्याच्याही डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीसेट होता. माऊस घरोघरी पोचला, तो कीसेट मागंच राहिला, आणि आपण सगळे एका हातानं काम करायला शिकलो.

आता प्रत्यक्षात काय फरक पडतो ते सांगते. मध्ये एका पत्रिकेसाठी पैठणीच्या पदरावर असते तशी असावलीची वेल काढायची होती. वेलीचं वळण उजवीकडं जातं तोवर मनगट आपसूक फिरतं, पण तीच वेल उलटी वळली की मनगट अडतं आणि रेघ तुटते. कागदावर आपण अशा वेळी कागदच फिरवतो. टॅबवर डाव्या हाताची दोन बोटं टेकवून कॅनव्हास, म्हणजे स्क्रीनवरचं चित्राचं पान, तसाच फिरवते, पेन उचलायचं, फिरवायचं, परत टेकवायचं, एका वेलीत पन्नासेक वेळा होत असंल आणि माझ्या लक्षातही येत नाही. चुकलं की दोन बोटांचा हलका टॅप, रेघ गेली. तीन बोटांचा टॅप, परत आली. बोटं चिमटीसारखी जवळ-लांब केली की लहान-मोठं. हे सगळं होताना नजर पानावरच असते, मेनू शोधायला वर जात नाही, आणि मेनूत गेलेली नजर परत येईस्तोवर हातातला जोर गेलेला असतो हे तुम्हालाही माहीत असंल.

शिरोरेषेचं तर मला फारच आवडलं. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रं काढायच्या ॲपमध्ये रेघ ओढून पेन तसंच दाबून धरलं की ती सरळ होते, आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताचं एक बोट स्क्रीनवर टेकवलं की रेघ ठराविक कोनात बसते, म्हणजे अगदी आडवी. पहिल्यांदा केलं तेव्हा अण्णांना बोलावून दाखवलं. ते म्हणले, ही तर काठीच की!

पण माझी चूक तुम्ही करू नका. २०१९ ला मी संभाजीनगरला जाऊन एक स्वस्तातला टॅब घेतला, दुकानदार म्हणला पेन सोबत येतंय. पेन म्हणजे रबरी बोंडाची काडी निघाली. ती काडी फक्त बोटाचं सोंग घेते, त्यामुळं स्क्रीनला पेन कोणतं आणि तळहात कोणता हे कळतच नाही, हात टेकवला की डाग उमटायले. दाब कमी-जास्त केला तरी रेघ एकाच जाडीची. आठ महिने मी हात अधांतरी धरून काम केलं आणि खांदा भरून यायला लागला तेव्हा तो टॅब लेकराला दिला.

खरं पेन वेगळं असतं. वॅकॉम ही जपानची कंपनी, १९८३ मधली, तिच्या पद्धतीत काचेखाली बारीक तारांची जाळी असते, ती चुंबकीय लहरी सोडते आणि पेनातली छोटी कॉइल त्यावरच चालते, म्हणून पेनाला सेल लागत नाही. पेन जवळ आल्याचं टॅबला आधीच कळतं, तो तळहाताकडं दुर्लक्ष करतो. सॅमसंगचं एस पेन पण याच पद्धतीचं. ॲपलची पेन्सिल २०१५ ला आली, ती वेगळ्या पद्धतीची आणि चार्ज करावी लागते, पण २०२४ च्या पेन्सिल प्रोमध्ये एक गोष्ट अशी आली की देवनागरी अक्षरं काढणाऱ्यानं एकदा तरी हातात घ्यावी: पेन बोटांत गोल फिरवलं की ब्रशचं टोकही फिरतं. बोरूनं लिहिलंय ना तुम्ही कधी? कापलेल्या टोकाचा कोन बदलला की जाड-बारीक बदलतं, तेच. वॅकॉमच्या आर्ट पेनात हे आधीपासून होतं.

हवेत हात हलवून चित्र काढायचं म्हणताय त्याबद्दल. २०१३ ला लीप मोशन आलं, टेबलावर छोटी डबी ठेवायची आणि वर हात फिरवायचे. २०१६ ला गूगलचं टिल्ट ब्रश आलं, डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट घालून आपल्याभोवतीच्या हवेत रंगवायचं, २०२१ ला त्यांनी त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. हेडसेटवालं मी एकदा करून पाहिलं, मूर्तीभोवती फिरल्यासारखं आपल्याच रेघेभोवती फिरता येतं, ते फार सुंदर आहे, शिल्प करणाऱ्यांनी जरूर बघावं. पण दहा मिनिटांत दंड दुखायला लागतात, त्याला गोरिला आर्म असं नावच पडलंय. हाताला टेकू नाही, बोटाला कागदाची खरखर नाही, बारीक नक्षी त्यात माझ्याच्यानं झाली नाही. रोजच्या पोटापाण्याच्या कामाला मी तरी ते घेणार नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये घामानं बोटं काचेला चिकटतात, आणि घामाचा थेंब पडला तर स्क्रीन त्यालाही स्पर्श समजते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा पातळ हातमोजा मिळतो तो घ्या, आणि सेटिंगमध्ये बोटानं रंगवणं बंद करा म्हणजे बोटं फक्त इशाऱ्यापुरती राहतात. दोन बोटं नुसती टेकवून ठेवली की बऱ्याच ॲपांत एकामागून एक रेघा मागं जायला लागतात, तेवढं सांभाळा.

तर तुमच्यापुरतं. कोरल सोडू नका, अक्षरं आणि फ्लेक्सचं माप तिथंच बरं. टॅबवर कॅनव्हास फार मोठा घेतला की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, कमी मिळतात, म्हणून मी चित्र तेवढं टॅबवर करते आणि बाकी सगळं कोरलमध्ये जोडते. पैसे बेताचे असतील तर आधी कॉम्प्युटरला जोडायचा बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट घ्या, चार-पाच हजारांत बरा मिळतो, आणि क्रिता हे चित्रं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. त्यात कीबोर्डवरच्या ४ आणि ६ नं कॅनव्हास फिरतो, ५ नं सरळ होतो, डाव्या हाताला तिथंच सवय लावा. ती सवय लागली आणि कीबोर्ड अपुरा वाटायला लागला की मग टचवाला घ्या. आणि घेताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: स्क्रीनवाले बरेच स्वस्त पेन डिस्प्ले फक्त पेनच ओळखतात, बोट ओळखतच नाहीत, दिसायला मात्र दोन्ही सारखेच.

दुकानात गेलात की सोबत एक पट्टी न्या. पट्टी तिरकी धरून अगदी हळू रेघ ओढा, नागमोडी आली तर पेन कच्चं. मग तळहात पूर्ण टेकवून आपलं नाव शिरोरेषेसकट लिहा, आणि लिहिता लिहिता दुसऱ्या हातानं पान फिरवून बघा. तुमचा सध्याचा कॉम्प्युटर कोणता आणि रॅम किती ते कळवा, म्हणजे त्यावर क्रिता नीट चालंल का ते सांगते.