मोबाइलच्या नोंदींवरून शहराची बससेवा खरंच सुधारता येते का?

हो, येते. कॉल किंवा मेसेज कोणत्या टॉवरवरून गेला याची नोंद कंपनीकडे राहते. अशा नोंदी एकत्र केल्या की लोक कुठून कुठे जातात ते कळतं. तिकिटांवरून फक्त बसने गेलेले दिसतात. बसच नाही म्हणून पायी जाणारे मोबाइलच्या नोंदींतच दिसतात, आणि माझ्या मते खरा फायदा तोच. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशातल्या आबिदजान शहरासाठी आयबीएमच्या संशोधकांनी २०१३ साली अशाच नोंदींवरून बसमार्गांत बदल सुचवले होते.

पण नाव काढलं की माहिती निनावी झाली, असं अजिबात मानू नका. २०१३च्याच एका अभ्यासात १५ लाख लोकांपैकी ९५ टक्के लोक, जागा आणि वेळ यांच्या अवघ्या चार नोंदींवरून वेगळे ओळखता आले. म्हणून पालिकेला फक्त गटांचे आकडे मिळावेत, तेही फार लहान गट गाळूनच.